कोट उलटा करून पाहा

बारा वर्षं घर सांभाळल्यावर तिला पुन्हा नोकरी लागली, तीही जमीन मोजणीच्या कचेरीत. दिवसभर बांधाबांधावरून फिरायचं काम. कपाट उघडलं, तर या कामाला चालेल असा एकही कपडा निघेना. मग नणंदेला घेऊन तिनं दुकान गाठलं. नणंद वयानं मोठी, तीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेली. सुईचं टोक जिभेलाही आलेलं.

दुकानात शिरल्याशिरल्या भावजयीचा जीव एका निळ्या कोटावर जडला. होता महाग, पण दिसायला झकास.

"ताई, सगळे पैसे यातच घालते. पहिल्याच दिवशी छाप पडेल."

"कुणावर? बांधावरच्या दगडांवर?" नणंदेनं कोट उलटा करून शिवण चाचपली. "घाल आणि वाक बघू. मोजणीचं यंत्र उचलतेयस असं समज."

ती वाकली आणि टर्रकन आवाज झाला. पाठीची शिवण मानेपासून कमरेपर्यंत उसवली होती. अख्खं दुकान वळून बघायला लागलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालक तणतणत आला.

"ओरडू नका, काका. टाके ढिले, शिवणीला आत जास्तीचं कापडही सोडलेलं नाही. पाच मिनिटं द्या."

पिशवीतून सुईदोरा काढून नणंद स्टुलावर बसली. मालक आधी डोळे वटारून उभा राहिला, मग चष्मा लावून वाकला, शेवटी शेजारी येऊन बसला.

"बाई, असे टाके शिकलात कुठे?"

"उसवलेल्या कपड्यांकडून."

मालक खो खो हसला. "आठवड्यातून दोन दिवस इथे येता का, कामाला? बरेच कोट आहेत असे."

नणंदेनं मान डोलावून होकार दिला. मग एकदम तरतरी आल्यासारखी ती उठली आणि भावजयीसाठी मांडणीवरून भराभर कपडे काढायला लागली. "बूट आणि पँट भारीतली घे, तिथे हात आखडू नकोस. दिवसभर त्यांच्याच जिवावर चालायचंय. शर्ट स्वस्तातले चालतील. चिखल काय, भारी शर्टावरही उडतोच."

भावजयीनं निमूट सगळं घेतलं. मग म्हणाली, "नोकरी तर तुम्हालाही लागली, ताई. तुम्हाला काय घ्यायचं?"

नणंदेनं इकडेतिकडे पाहिलं आणि लाजत एका लालभडक रेशमी स्कार्फकडे बोट दाखवलं. किंमत बघून भावजयीचे डोळे पांढरे झाले.

"अहो ताई, एवढा महाग? आणि उसवला तर?"

"उसवायला त्याला शिवण कुठाय!" असं म्हणत नणंदेनं तो तिथेच गळ्यात गुंडाळला, आणि दोघी हसत हसत पैसे द्यायला निघाल्या.