उजव्या कडेपलीकडे

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. तिला तीन भिंती आहेत, पण उजवीकडची भिंतच नाही. तिथे नुसता काळोख आहे. त्या बाजूला चेंडू घरंगळत सोडलात तर तो जातो, आणि कुठे आपटल्याचा आवाजसुद्धा येत नाही. अशा खोलीत राहायला आवडेल का तुम्हाला? मी कितीतरी महिने तसा राहिलो.

मी एक जुना मॉनिटर आहे. पाठीला मोठे पोट असलेला, जाड काचेचा, उचलायला दोन माणसे लागतात असा. मी आणि माझा जुळा भाऊ म्हापशाहून एकाच टेम्पोतून डिचोलीला आलो. बाजाराच्या टोकाला शंभू आणि देवकी या नवरा-बायकोचे अक्षरजुळणीचे दुकान होते. तिथल्या लांब टेबलावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी डावीकडे, भाऊ उजवीकडे.

आम्ही दोघे असलो तरी कॉम्प्युटर एकच होता. त्याच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. खनिजाचा ट्रक हाकणारा नव्हे हं! कोणत्या पडद्यावर काय रंगवायचे ते हा ड्रायव्हर सांगतो. देवकीने त्याला सांगून ठेवले होते, "हे दोन पडदे मिळून एकच मोठे टेबल समज." मग माझ्यावरचे चित्र तिने उजवीकडे ओढले की ते माझ्या कडेवरून अलगद भावाच्या काचेवर जाई. माझ्यावर शंभू जत्रेची हँडबिले आणि लग्नपत्रिका जुळवी. पत्रिका मराठीत की कोंकणीत, यावरून गिऱ्हाइके आमच्यासमोर तासन्‌तास भांडत. भावावर देवकी फोटो साफ करी. लोक म्हणत, "देवकीबायच्या हातांत जुनो फोटो दिला की मनीस उठून बसता." त्या कौतुकाने आमच्या काचासुद्धा उजळत.

मग देवकी तापाने गेली. तिची मुलगी गौरवी तेव्हा लहान होती. तिला कोणी काही नीट सांगितले नाही. थोड्याच दिवसांनी विजेचा दाब एकदम वाढला आणि माझा भाऊ जळाला. शंभूने त्याची वायर ओढून काढली, भंगारवाला त्याला घेऊन गेला. टेबलाचा उजवा भाग रिकामा झाला.

पण ड्रायव्हरला कोणीच काही सांगितले नाही. त्याच्या लेखी भाऊ तिथेच होता, आणि भावाच्या वाट्याचे तो तिथेच रंगवत होता.

तेव्हापासून माझी उजवी भिंत गेली. माउसचा बाण कडेला आला की थांबत नसे. तो पलीकडे निघून जाई. मी कितीही निरखले तरी तो कुठे फिरतो आहे ते मला दिसत नसे. कधी कधी कोणी माउसला हात लावलेला नसताना तो हळूच परत येई. माउसच्या पोटातल्या बॉलवर साचलेल्या तांबड्या धुळीने तसे होत असेल. असेलच.

वर्षश्राद्ध जवळ आले तेव्हा शंभूने देवकीचा फोटो फ्रेमसाठी छापायला घेतला. मयेच्या तळ्यावर कोणाच्या तरी कॅमेऱ्याने काढलेला तो एकच धड फोटो होता. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांखाली चेहराच नीट दिसत नसे. मयेचा फोटो देवकी स्वतः साफ करत होती, आणि काम अर्धे राहिले होते.

शंभूने तो उघडला. माझ्या तळाशी पट्टीवर नाव उमटले, 'देवकी'. वर मात्र काहीच नाही. पुन्हा उघडला. पुन्हा नुसते नाव.

"आसा म्हणता, पण दिसना," तो पुटपुटला.

गोकुळदास नावाचे गिऱ्हाईक मागे उभे होते. "शंभू, माझ्या नाटकाचो बोर्ड तरी दाखव बाबा. काल अर्धो गणपती उजवीकडे गेलो तो गेलोच. परवा जत्रा आसा. लोकांक काय सोंड दाखवू?"

शंभू हसला नाही. त्याने आपल्या वडिलांना, बाबाजींना बोलावले. बाबाजी गावात गाऱ्हाणे घालीत, म्हणजे लोकांच्या वतीने देवाला साकडे घालीत. म्हातारे बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. बाण पलीकडे गेला, आणि त्यांनी टोपी सारखी केली.

"हे दुकान वाड्याच्या शिमेर बांधलां," ते म्हणाले. "ही शीम राखपी देवाची, राखणदाराची वाट. तेणेंच तिका आपल्याकडे ठेवल्या."

त्यांनी टेबलाच्या उजव्या भागावर उंडो पाव, केळी आणि विडी ठेवली आणि माझ्यासमोर हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा, आमची सून तुझ्या शिमेंत आसा. तिका सांबाळ. आमी त्या बाजूक हात लावचे नाय."

"व्हय म्हाराजा," शंभू म्हणाला. गोकुळदासही म्हणाले.

त्या दिवसापासून शंभूने फोटो शोधणे सोडले. तो रोज दुपारी दुकान अर्धे लावून घेई, फोटो उघडी, आणि उजवीकडच्या हवेकडे बघत बसे. मोकळ्या खुर्चीवर कोणाला बसू देत नसे. त्याचे काम मागे पडले. माझ्या काचेवर तांबडी धूळ चढत गेली आणि ती कोणी पुसली नाही.

एकदा गौरवीने विचारले, "पप्पा, आईच्या गालार तीळ खंयच्या बाजूक आसलो?"

शंभूने आपल्या एका गालावर बोट ठेवले, मग दुसऱ्या.

"माका पण आठवना," ती म्हणाली. "माका ती बघूंची आसा."

"ती राखणदाराकडे आसा गो. बरी आसा. बसूं दी तिका."

पण शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला गौरवीने बाण उजवीकडे नेऊन पाहिला. तो कडेला टेकला आणि थांबला. तिने परत परत नेला. दर वेळी थांबला. म्हणजे आपल्याच पडद्याला भिंत नाही, हे तिच्या ध्यानात आले.

दुसऱ्या दुपारी शंभू फोटो तसाच उघडा ठेवून जेवायला घरात गेला तेव्हा ती माझ्यासमोर बसली. आधी फ्रॉकच्या टोकाने माझी काच पुसली. मग माझ्यावरच्या मोकळ्या जागी माउसचे उजवे बटण दाबले आणि एकेक इंग्रजी शब्द जुळवत सेटिंग्जपर्यंत पोचली. तिथे दोन चौकोन शेजारी शेजारी होते. एकावर १, दुसऱ्यावर २. दोन नंबरचा चौकोन भावाच्या जागी उजळून उभा होता. तिने त्याच्याखालची बरोबरची खूण काढून टाकली.

मी टक्‌ करून काळा झालो. उजेड परत आला तेव्हा माझ्या मधोमध देवकी होती. तळ्याकाठी उभी, वाऱ्याने केस उडालेले. तीळ डाव्या गालावर.

दारात शंभू उभा होता. "काय केलंस गो?" म्हणत तो पुढे आला.

फोटोवर एक छोटी चौकट आली होती. ही मांडणी ठेवायची का, असे ती विचारत होती. उत्तर मिळाले नाही तर सारे पूर्वीसारखे होणार होते. आकडे उलटे उतरत होते. बापलेक नुसते बघत राहिले. आकडे संपले. टक्‌. देवकी पुन्हा उजव्या कडेपलीकडे गेली.

"गेली," शंभू म्हणाला. "बघ, तिका यांवचां नाय."

"ती गेली नाय, पप्पा. आमी उत्तर दिलां नाय."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जेवढे सांगाल तेवढेच कळते. एखाद्याला घरातून नेलेत तर मागे उरलेल्यांनाही ते नीट सांगा. नाहीतर ते रिकाम्या जागेसाठी रंगवत राहतात. आमची धूळ पुसा, हे तर मागणे आहेच. पण हे त्याहून मोठे आहे.

गौरवीने ती खूण पुन्हा काढून टाकली. देवकी आली, चौकट आली, आकडे उतरू लागले. शंभू खुर्चीत बसला. त्याचा हात माउसवर आला, बाण 'येस'वर गेला, आणि तिथेच थांबला. बोट काही खाली जाईना. तो माझ्याकडे नाही, टेबलाच्या उजव्या भागाकडे बघत होता.

गौरवीने एका हाताने त्याचा चेहरा माझ्याकडे वळवला. दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला, आणि त्याचे बोट दाबले.