गोरखचिंचेला ठिबक

मित्रांनो, आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. मी मेलेली नाही! शहादा तालुक्यात तापीकाठी उभी असलेली मी एक म्हातारी गोरखचिंच आहे. पौष सरला की माझी पानं गळतात, पाऊस जवळ आला की पुन्हा फुटतात. मधले चार-पाच महिने मी झोपते. शेकडो वर्षं हेच चाललं आहे. पण हल्ली माणसांना दम म्हणून नाही.

माझ्या बुंध्यात मोठी ढोली आहे. लढाईत हरलेला एक राजा पळत आला, तीन दिवस त्या ढोलीत लपला आणि पुढे गादीवर बसला. भाटांनी ती गोष्ट देशभर नेली. गोष्टीत म्हणतात, राजा निर्भयपणे ध्यानाला बसला होता. कसलं ध्यान! थरथर कापत होता बिचारा. पण मी त्याला पोटात घेतलं, एवढं खरं. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक लग्नाच्या मांडवाला माझी एक डहाळी लागते. तोडण्याआधी घरातली बाई पदर पसरून माझी परवानगी मागते. लग्नं उन्हाळ्यातली, डहाळी उघडीच असायची. कुणी कधी नाक मुरडलं नाही.

यंदा होळीनंतर बातमी आली, की चैत्रात 'राजाचं झाड' म्हणून माझा सोहळा होणार, मोठे पाहुणे येणार. समितीचे प्रमुख रूपचंदभाई. केळीच्या बागेत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही. त्यांनी वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"राजानं झाड आसं बोडकं? लोके काय म्हनतीन!"

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सालदाराने, दोधूने, माझ्याभोवती ठिबकच्या नळ्यांची वेटोळी घातली. दिवसरात्र पाणी, त्यात युरिया.

आता तुम्हीच सांगा, झोपलेल्या माणसाच्या घशात कुणी पाणी ओततं का? उन्हाळ्यापुरतं पाणी माझ्या बुंध्यात साठलेलंच असतं. जास्तीचं जाणार कुठे? माझी मुळं कुजू लागली. पालवी फुटेना, म्हणून भाईंनी युरिया वाढवला आणि फांद्यांना प्लास्टिकची हिरवी पानं तारेने आवळून बांधली. त्यांना माझा दुस्वास नव्हता हो, मानच द्यायचा होता. म्हणून तर संताप येतो!

तापीबाई आली ती नात स्वप्नालीच्या लग्नासाठी डहाळी मागायला. सत्तरी ओलांडलेली बाई. पदर पसरून तिने बुंध्याला हात टेकला, तर बोटं मऊ सालीत रुतली. ती तशीच रूपचंदभाईंना बोलावून घेऊन आली.

"रूपचंद, बंद कर हाई पानी. झाड मरेल नही शे, झोपेल शे."

"काकी, केळीले पानी दिधं का ती वाढस. हाई बी वाढी."

"केळी येगळी, हाई येगळं! आखाजी जाऊ दे, मंग पालवी येई. तुन्हा बाप बी वाट दखे."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, ती वैशाखात. रूपचंदभाई हसले. "काकी, सोहळा आखाजीना आगोदर शे."

तापीबाईने कमरेचा विळा काढला आणि नळी सपकन कापली. जमलेले लोक तिलाच वेड्यात काढत घरी गेले. संध्याकाळी दोधूने नळी जोडली. नातीच्या मांडवाला तिने डहाळी नेली नाही. आजाऱ्याच्या अंगाचं काय तोडायचं, म्हणाली.

परवा सोहळा आहे. भाषणं होतील, राजाचा जयजयकार होईल. माझी दक्षिणेची बाजू आता सुन्न झाली आहे, उत्तरेची अजून जिवंत आहे. तापीबाई रोज सकाळी येऊन पाण्याचा कॉक बंद करते आणि तिची पाठ वळली की कुणीतरी तो सोडतं.

मित्रांनो, मला भेटायला याल तेव्हा हार आणू नका, नारळ आणू नका, ढोलीत उभं राहून फोटो काढू नका. आधी तो कॉक बंद करा. आणि कुणी तो पुन्हा उघडायला आलं तर आडवे उभे राहा, मग तो तुमचा बाप का असेना.