पावसाकडची भिंत

"अण्णा, वल्ल्या भिताडावर शीट ठोकलं तर चालतंय का?" विलासनं शिडीवरूनच विचारलं.

नागनाथनं भिंतीला तळवा लावला. चार दिवस झडीनं झोडपलेली ती दगड-मातीची भिंत आतपर्यंत ओली होती. उत्तर त्याच्या ओठांवरच होतं: भिंत महिनाभर वाळू दे, आधी लाकडी पट्ट्या मार, मग शीट. भिंत आणि शीटच्या मध्ये वारं खेळायला हवं, खाली-वर फट हवी, नाहीतर ओल आतच कोंडून भिंत फुगते. तीस वर्षं आळंद आणि आसपासच्या गावांत शहाबादी फरशी बसवण्यात गेली होती त्याची. पावसाच्या तोंडची भिंत कशी सांभाळायची, हे त्याला कुणी शिकवावं असं उरलंच नव्हतं.

तेवढ्यात राजूबाई चहा घेऊन आल्या. दोघांच्याही सासूबाई त्या. थोरली शोभा नागनाथला दिलेली, धाकटी पल्लवी विलासला. त्यांनी पहिला कप विलासकडं वर केला.

"आधी तुमी घ्या." मग शीटच्या थप्पीकडं बोट करून त्या नागनाथला म्हणाल्या, "बघा की पाव्हणं, लाकडावानी दिसायलंय. आमच्या गल्लीत कुणाचं हाय असलं घर?"

ह्याच भिंतीला फरशी बसवतो, असं नागनाथनं दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. एका रंगाच्या फरश्या खाणीवर जाऊन स्वतः निवडल्या होत्या. राजूबाई तेव्हा 'बघू' म्हणाल्या होत्या. पुढं विलास हैदराबादहून भिंतीला प्लास्टिकची शीट मारायचं हे काम शिकून आला आणि त्या म्हणाल्या, "फरशी आता कोण लावतंय?"

नागनाथनं ओला तळवा धोतराला पुसला.

"चालतंय की," तो म्हणाला. "ठोक. खालून-वरून गच्च बंद कर. थेंब जायाला नको."

"बरं झालं तुमाला इचारलो," विलास म्हणाला.

भिंत झाली आणि माणसं बघायला येऊ लागली. नागनाथनं आयुष्यात शंभर भिंती केल्या असतील, त्यातली एकही बघायला कुणी वाट वाकडी केली नव्हती. त्याच्या स्वतःच्या गल्लीतल्या सोमशेखरनं नागनाथला सांगितलेलं फरशीचं काम थांबवून विलासला बोलावणं धाडलं. शोभा घरात बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक करू लागली की नागनाथ ताटावरून उठून हात धुवायचा. पाऊस लागला की मात्र तो दारात येऊन उभा राहायचा. पडू दे, म्हणायचा मनात. अजून पडू दे. आणि मग स्वतःलाच कसंसं होऊन आत यायचा.

गौरी बसायच्या आठवड्यात भर दुपारी शोभाचा फोन वाजला. ऐकता ऐकता ती खालीच बसली.

"आईच्या खोलीतला दगड निसटलाय," ती म्हणाली. "उशीवर पडलाय."

"मामी?" नागनाथनं सासूबाईंचं विचारलं.

"अंगणात मिरच्या निवडायली होती."

नागनाथ शोभाला घेऊन पोचला तेव्हा खोलीत कुजकट वास कोंडला होता. भिंतीला आतून पोट आलं होतं, गिलावा सोलून खाली आला होता. राजूबाई उंबऱ्यात बसून विलासला बोलत होत्या. पल्लवी तोंडाला पदर लावून उभी होती.

"काम येत न्हाई तर कामून हात लावलाव? मी झोपल्याली असते तर?"

विलासनं फक्त एकदा नागनाथकडं बघितलं आणि मान खाली घातली. नागनाथनं जाणूनबुजून चुकीचं सांगितलं, हे त्याला कळलेलं होतं. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. पण तो बोलला नाही, आणि नागनाथला तेच सोसेना.

"त्येला बोलू नका मामी. त्यानं मला इचारलं होतं. मीच म्हणलो, ठोक. गच्च बंद कर म्हणून बी मीच सांगितलो."

"तुमाला ठावं नव्हतं?"

"ठावं होतं."

शोभा नवऱ्याकडं परक्या माणसाकडं बघावं तशी बघत होती.

"मग कामून?" राजूबाईंनी हळूच विचारलं.

"तुमी फरशी नको म्हणलाव," नागनाथ म्हणाला. एवढे दिवस डोंगराएवढं वाटलेलं ते दुःख, तोंडातून बाहेर पडलं तेव्हा लहान पोराच्या तक्रारीएवढंच होतं.

राजूबाई उठल्या आणि आपलं अंथरूण गोळा करून पुढच्या खोलीत नेलं. त्यांनी चहाही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघा साडूंनी मिळून शीट उतरवली. नागनाथनं भिंतीला टेकू लावले, पोट आलेला भाग उकलला, एकेक दगड पुन्हा बसवला. आश्विनाचं सगळं ऊन भिंतीला खाऊ दिलं. विलास रोज यायचा, माल कालवायचा, दगड उचलून द्यायचा. कामापुरतं बोलायचा. विचारायचा मात्र काहीच नाही. आडव्या-उभ्या पट्ट्या कशा माराव्या, खाली किती फट सोडावी, हे तो कुठल्याशा दुकानदाराला फोन करून विचारून घ्यायचा. नागनाथ शेजारीच माती मळत असायचा.

दिवाळीच्या तोंडावर भिंत ठणठणीत वाळली. विलासनं पट्ट्या मारल्या, बरोबर मारल्या. वरच्या ओळीची शीट खांद्यावर घेऊन तो शिडीशी आला. जमीन जरा उतरती होती. नागनाथ पुढं झाला आणि त्यानं शिडीचे दोन्ही पाय गच्च धरले.

विलास क्षणभर थांबला. मग खाली न बघता, एकेक पायरी चढत वर गेला.