कापलेले श्वास

मी पोटासाठी वाचते. डोळे अधू झालेली माणसं, गाडी चालवणारी, भाजी चिरणारी, जी पुस्तकं कानांनी ऐकतात, त्यांतल्या पुष्कळ पुस्तकांत माझा आवाज आहे. तोंडावरून मला कुणी ओळखत नाही. दुकानात मात्र "अर्धा किलो साखर द्या" म्हटलं की एखादी बाई चटकन वळून बघते आणि विचारात पडते, ही आपली कोण बरं? कुणी नाही गं बाई. तुझी साखर घे आणि चालू लाग.

घरी मी बोलत नाही. घसा जपायचा असतो, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे बोलायला समोर कुणी नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. बहीण दूरच्या देशात असते, वाढदिवसाला फोन करते आणि तिकडे थंडी किती आहे ते सविस्तर सांगते. मला थंडीत फारसा रस नाही, पण फोन ठेवला की वाटतं, आणखी थोडी सांगितली असती तरी चाललं असतं.

माझं खरं बोलणं चालायचं स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना स्पंज, खाली जाड गालिचा आणि दाराला दुहेरी पडदा. काचेपलीकडे यंत्रापुढे बसायचा तो कानसेन. हे नाव मीच ठेवलेलं. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, अबोल, आणि कान असे की दोन खोल्या सोडून कुणी पेन खाली ठेवलं तरी हात वर करून मला थांबवणार. त्याचं निम्मं काम म्हणजे माझे श्वास कापणं. वाक्य संपलं की मी श्वास घेते. तो ऐकणाऱ्याला ऐकू जाता कामा नये. म्हणून मी घरी गेल्यावर हा एकटा बसून एकेक श्वास शोधायचा आणि काढून टाकायचा.

"आज फार श्वास काढून टाकले, ताई," तो कधीतरी म्हणायचा.

"टाक की. मला काय त्यांचं लोणचं घालायचंय?"

आमचं संभाषण साधारण एवढंच.

त्या वर्षी मला एक भली जाडजूड कादंबरी मिळाली होती. एका घरातल्या तीन पिढ्या. आज्या, जावा, भांडखोर आत्या, पळून गेलेला काका, बोबडं बोलणारी पोरं. सगळ्यांचे आवाज माझेच. माझ्या घरात दुसरं माणूस नाही, आणि त्या काचेच्या खोलीत मी एकटीच एवढं मोठं खटलं चालवत होते! सकाळी निघताना मी कामावर निघालेय असं वाटायचंच नाही. घरी निघालेय असं वाटायचं.

आता दम्याचं. तो माझ्याकडे तरुणपणापासून राहतो. धुळीची ॲलर्जीही आहेच. म्हणून दोन पंप. एक तात्पुरता, दम लागला की ओढायचा, लगेच बरं वाटतं. दुसरा रोजचा. तो दम लागो न लागो, रोज ओढायचा, आणि त्याने लगेच काहीही वाटत नाही. नळीला आतून सूज येऊ नये म्हणून तो असतो. मी तो इमानेइतबारे घ्यायची. स्टुडिओत पोचले, खुर्चीत बसले, की आधी रोजचा पंप आणि मग पुस्तक उघडायचं. कामाच्या वेळी दगा नको, हा हिशोब.

हिवाळ्यात माझा आवाज बसायला लागला. आधी वरचे सूर गेले. बोबडी पोरं म्हातारी वाटायला लागली. मग मधेच आवाज चिरकायचा. कानसेन हात वर करायचा, आम्ही परत घ्यायचो, तो परत हात वर करायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "हात खाली ठेव, नाहीतर बांधून ठेवीन." त्याने ठेवला. मग प्रकाशनाच्या बाईंचा फोन आला. गोड बोलणारी बाई. अशांची मला धास्तीच वाटते.

"ताई, आवाज जरा थकल्यासारखा येतोय हो. विश्रांती हवी असेल तर सांगा. आमच्याकडे एक नवी मुलगी आहे, छान वाचते."

मी म्हटलं, "मुलीला अभ्यास करू दे. माझा आवाज येतोय परत."

फोन ठेवला. आवाज गेला तर ती कादंबरी जाणार, ती खोली जाणार, आज्या-जावा जाणार. मग मी तोंड उघडायचं ते फक्त साखरेसाठी. मला खरोखरच भीती वाटली. मी घरातली औषधं टेबलावर ओतली, रोजच्या पंपाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद काढला, भिंग घेतलं. त्यात होतं: आवाज घोगरा होऊ शकतो.

सापडला चोर!

मी तो पंप बंद केला. कुणाला विचारलं नाही. दम तर कधीचा लागला नव्हता. मग कशाला घ्यायचं? गरज सरो, वैद्य मरो. आणि गंमत बघा, आवाज परतला. काही दिवसांत घसा मोकळा झाला, पोरं पुन्हा बोबडी बोलायला लागली, आत्या खणखणीत भांडायला लागली. प्रकाशनाच्या बाईंनी "क्या बात है!" असा निरोप धाडला. मी स्वतःवर इतकी खूश होते की घरी येऊन आरशासमोर एक अख्खा परिच्छेद म्हणून दाखवला. आरशाला.

पहाटे खोकला सुरू झाला, तो मी थंडीवर ढकलला. जिना चढताना थांबावं लागायचं, ते वयावर ढकललं. तात्पुरता पंप आधी क्वचित लागायचा, मग रोज, मग दिवसातून अनेकदा. ढकलायला काही ना काही सापडतंच.

कादंबरीतल्या थोरल्या आजीचं मरण मी वाचत होते. आजी सगळ्यांना बोलावून घेते आणि एकेकाला नावं ठेवते, अशी मोठी मजेची जागा. मी एक लांब वाक्य घेतलं आणि अर्ध्यात हवा संपली. श्वास घ्यायला गेले तर आत जाईना. म्हणजे थोडा जात होता आणि बाहेर येत नव्हता. छातीत कुणी दार लावून घेतल्यासारखं. पंप पर्समध्ये आणि पर्स बाहेर, कारण आत साखळी वाजते. काचेपलीकडे कानसेन मान खाली घालून बसला होता. "अरे" एवढंही तोंडातून निघेना. एवढी वर्षं आवाजावर जगले, आणि एका हाकेपुरता आवाज नव्हता. त्या खोलीतून बाहेर काही ऐकू जात नाही, तशीच ती बांधलेली आहे. मी इथेच जाणार, आणि हा मान वर करेल तेव्हा कळेल, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

पण माइक चालू होता. कानसेन खुर्ची पाडून आत आला. पर्स त्याच्या हातात होती. त्याने पंप काढला, हलवला, माझ्या तोंडाला लावला, "ओढा, ताई, ओढा," आणि मग मला जवळजवळ उचलूनच खाली गाडीत घातलं.

इस्पितळात वाफ दिली, इंजेक्शन दिलं, ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी छातीच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने माझ्या मुलीसारख्या, असती तर.

"रोजचा पंप कधीपासून बंद?"

मी सांगितलं. का, तेही सांगितलं. ती रागावेल म्हणून मीच आधी रागावून सांगितलं.

"बरं. घेत होतात तेव्हा कधी घ्यायचात?"

"वाचायला बसायच्या आधी. खुर्चीत."

"आणि मग गुळण्या?"

"गुळण्या?" मी म्हटलं. "वाचायला बसायच्या तोंडावर घशाला पाणी लावायचं? आवाज हलतो. मला शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं."

ती कपाळाला हात लावून हसायला लागली. "अहो ताई! औषध घशात बसत होतं आणि त्याच्यावरून तुम्ही दिवसभर वाचत होतात. आवाज बसणार नाही तर काय होईल? हा पंप काही कामाच्या आधी घ्यायचा नाही. घरी घ्यायचा, सकाळ-संध्याकाळ दात घासायच्या आधी. पंपाला लावायचं नळकांडं देते, त्याच्यातून ओढायचा. मग भरपूर गुळण्या, थुंकून टाकायचं. तरीही आवाज बसला तर माझ्याकडे यायचं, औषध बदलून बघू. आपल्या मनाने बंद करायचं नाही." मग हसणं थांबवून म्हणाली, "दम लागत नव्हता तो औषधामुळे. हे औषध आजचं नसतं, उद्याचं असतं."

ती गेल्यावर मी छताकडे बघत पडले. उद्याचं औषध. ज्याच्या उद्यात कुणी यायचं असतं त्याला हे सोपं आहे, असं मनात आलं आणि रडू आलं.

संध्याकाळी कानसेन आला. स्टुलावर बसला, टोपी हातात फिरवत राहिला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"श्वास. तुमचा श्वास पंधरवडाभर नीट नव्हता. कापायला घेतला की शिट्टी यायची मागे. आधी बारीक, मग रोज वाढत गेली."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने खाली बघितलं. "तुम्ही चिडता."

मी तोंड उघडलं, चिडण्यासाठीच. मग मिटलं.

कादंबरी गेली. प्रकाशनाच्या बाई फुलं घेऊन आल्या, तेव्हाच मला कळलं. तारखा ठरल्या होत्या, थांबता येणार नव्हतं. आणि अर्धं पुस्तक एका आवाजात, अर्धं दुसऱ्या, हे चालत नाही. म्हणून नवी मुलगी पहिल्यापासून वाचणार होती. माझं सगळं पुसलं जाणार. "पुढचं पुस्तक तुमचंच हं, ताई." मी फुलांकडे बोट दाखवून म्हटलं, "ही बाहेर ठेवा, मला चालत नाहीत." ते मात्र खरंच दम्याचं कारण होतं.

घरी आले. सकाळ-संध्याकाळ नळकांडं, पंप, गुळण्या, दात. सुरुवातीला आवाज घोगरा होता, मग साफ व्हायला लागला. पंपासकट साफ झाला, हे विशेष. जिना मी न थांबता चढायला लागले. पुढचं पुस्तक अजून आलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या आजीचं वाक्य म्हणून बघितलं, ते अर्ध्यात सुटलेलं. एका श्वासात पुरं झालं. आवाज तर असा लागला, की एवढा चांगला कित्येक वर्षांत लागला नसेल. भिंतींवर आपटून तो परत आला आणि घर पुन्हा गप्प झालं. मला ते सहन होईना. मी फोन उचलला आणि कानसेनला लावला.

"ताई? काय झालं? दम लागलाय? निघू का मी?"

"नाही रे. दम नाही."

"मग?"

दुसऱ्यांची वाक्यं मी आयुष्यभर वाचली. आता स्वतःचं एक हवं होतं, तर एकही सुचेना.

"मग काही नाही," मी म्हटलं. "सहज केला."

"सहज?"

"हो. सहज."

मला वाटलं, आता "बरं, ठेवतो" म्हणेल, आणि त्याचं काही चुकणारही नाही.

"ताई, गॅसवर दूध आहे," तो म्हणाला. "बंद करून येतो. ठेवू नका हं."

पावलं लांब गेली. कुठेतरी भांडं वाजलं, कुणी बाई काहीतरी विचारत होती, एक मूल मोठ्याने हसलं. मी फोन कानाला घट्ट धरून उभी राहिले.