पहिल्या धुण्याचे पाणी

साल १९७६. आमच्या घरी फोन आला तो त्याच वर्षी, आणि त्यावरून कळलेली पहिली मोठी बातमी अशी की मी छापलेला शोध खोटा आहे.

फोन सरांचा होता. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. उंच, किडकिडीत आणि स्वच्छतेच्या बाबतीत महा खाष्ट. आम्ही घासलेली नळी ते उजेडासमोर धरून बघत आणि एक शब्द न बोलता पुन्हा बेसिनमध्ये ठेवत. त्यांच्या हाताखाली मी मेंदूतली प्रथिने शिकले. पेशीच्या पातळ आवरणात काही प्रथिने अशी असतात की ठरावीक रेणू येऊन त्यांच्यावर बसतो, खुर्चीवर माणूस बसावा तसा. अशा प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. झोपेच्या एका औषधासाठी उंदराच्या मेंदूत अशी खुर्ची आहे, असा लेख आम्ही छापला होता. दुसऱ्या शहरातल्या एका बड्या प्रयोगशाळेने तोच प्रयोग करून पाहिला आणि त्यांना खुर्चीचा पायसुद्धा सापडला नाही. तिथल्या मोठ्या प्राध्यापकांनी सरांना अगदी गोड शब्दांत कळवले होते: लेख मागे घ्या, नाहीतर आमची माणसे पाठवतो, त्यांच्यासमोर करून दाखवा.

मी म्हटले, करून दाखवू. फोन ठेवल्यावर लक्षात आले की माझी नेमणूक वर्षभराचीच होती आणि ती त्या लेखाच्या जोरावर होती. लेख गेला तर नोकरी जाणार, आणि मेंदूवर काम करणारी दुसरी जागा माझ्यासाठी कुठेच नव्हती.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याने नकाशे तपासता तपासता विचारले, तू चुकली आहेस का? मी म्हटले, नाही. मग जेवायला वाढ, म्हणाला. सासूबाई म्हणाल्या की उंदरांचे मेंदू काढण्यापेक्षा घरातल्या माणसाचा तपासलास तर जास्त उपयोग होईल. मी चुकलेली नाही याची दोघांनाही खात्री होती, आणि खरे सांगायचे तर मलाही होती.

आमची कामाची रीत जरा वेगळी होती. नळ्या गरागरा फिरवून त्यातला गाळ खाली बसवणारे यंत्र, सेंट्रिफ्यूज, शेजारच्या विभागाचे होते आणि आमची पाळी आठवड्यातून एकदाच यायची. त्यामुळे मेंदू फ्रीजरमध्ये गोठवून साठवायचे. पाळीच्या दिवशी ते वितळवून वाटायचे, नळ्या फिरवायच्या, वरचे पाणी ओतून द्यायचे, नवे थंडगार द्रावण घालायचे आणि पुन्हा फिरवायच्या. सरांचे समाधान होईपर्यंत हेच चालायचे. शेजारच्या विभागाने आमच्या खोलीचे नाव लाँड्री ठेवले होते. आज मोठे धुणे का, असे ते जिन्यात विचारायचे.

पाहुणी आली ती माझ्याच वयाची निघाली. केस कापलेले, चाल भरभर. स्वतःचे मेंदू वाटायचे काचेचे भांडे तिने टॉवेलात गुंडाळून, तान्हे मूल आणावे तसे छातीशी धरून आणले होते. तिच्या प्रयोगशाळेला ताजेपणाचा केवढा अभिमान. कवटीतून निघालेला मेंदू कपभर चहा संपायच्या आत नळीत गेला पाहिजे, बाकी सगळी रड आहे, असे ती आल्या आल्या म्हणाली. दुपारपर्यंत आमच्या लोकांनी तिला ताजीबाई म्हणायला सुरुवात केली होती. तिच्या कानावर गेलेच. शिळीबाईपेक्षा बरे, म्हणाली.

पहिल्या दिवशी मी माझ्या रीतीने प्रयोग केला. धुतलेल्या आवरणांत किरणोत्सारी औषध मिसळले, काचतंतूंच्या गोल कागदावर गाळले आणि कागद मोजणीयंत्रात टाकले. आकडे झरझर चढले, म्हणजे औषध आवरणांवर बसले होते. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या रीतीने केला. ताजा मेंदू, वाटला की लगेच नळीत. आकडे जमिनीवरून हलेनात, जणू नळीत मेंदू घातलाच नव्हता.

ती खूश झाली नाही, हे मी तिच्या बाजूने सांगायला हवे. चहाचा कप हातात फिरवत शांतपणे म्हणाली, "गोठवल्यावर आवरण फाटतं. त्याच्या फाटलेल्या चरबीला काहीही चिकटेल. तुमचा रिसेप्टर मेंदूत नाहीये हो, फ्रीजरमध्ये तयार होतोय."

सर चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते. नंतर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले की मुद्दा बिनतोड वाटतो, उद्या ती परत जाणार, त्याआधी उत्तर सापडले नाही तर संपादकांना पत्र लिहावे लागेल. मी म्हटले, बिनतोड नाही सर. तिने एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. गोठवले नाही, आणि धुतलेही नाही. उद्या मेंदू तिचा ताजा आणि धुणे आपले.

पण उद्या सेंट्रिफ्यूजची पाळी आमची नव्हती. ताजीबाईच शेजारच्या विभागात गेली. काय बोलली कोण जाणे, यंत्र मिळाले. मला म्हणाली, तुम्हाला खोटे पाडायचेच आहे तर नीट पाडते.

मेंदू तिने काढला, तिच्याच भांड्यात वाटला, म्हणजे कोणाला शंका नको. पहिली फेरी झाली. मी सवयीने नळी बेसिनवर कलती केली आणि हात थांबला. धुतल्यावरच खुर्ची दिसत असेल, तर धुण्यात काहीतरी निघून जात असणार. आणि ते जात असेल तर याच पाण्यातून. मी ते पाणी चंचुपात्रात ओतले आणि पात्र बर्फात ठेवले.

"सांडपाणी जपून ठेवताय?" ताजीबाई म्हणाली.

"ठेवते. त्यात कोणीतरी आहे असं वाटतंय."

तिने भुवया वर केल्या, पण पुढचे धुणे मुकाट्याने माझ्याबरोबर केले.

ताज्या, धुतलेल्या मेंदूचे कागद यंत्रात गेले आणि आकडे चढले. फ्रीजर निर्दोष सुटला. ती म्हणाली, पुन्हा. पुन्हा चढले. मग मी त्याच धुतलेल्या आवरणांत ते जपून ठेवलेले पाणी थोडे घातले. आकडे धाडकन जमिनीवर. ताजीबाई उठली, उरलेल्यातले थोडे पाणी तिने उकळले. पाण्यातले एखादे प्रथिन औषध खाऊन टाकत असेल तर उकळल्यावर ते मरेल, असा तिचा हिशेब. उकळलेले पाणी घातले, तरी आकडे जमिनीवरच. म्हणजे औषध खाणारे प्रथिन पाण्यात नव्हते.

"खुर्ची आहे," मी म्हटले. "तुमच्या ताज्या मेंदूत तिच्यावर आधीच कोणीतरी बसलेलं असतं. मेंदूचं स्वतःचंच काहीतरी. आम्ही त्याला धुऊन उठवतो."

तिने बर्फातले ते पात्र उचलून उजेडासमोर धरले. "म्हणजे हॉल खच्चून भरलेला, आणि आम्ही दारातून ओरडतोय की इथे खुर्च्याच नाहीत."

सर मात्र बेसिनपाशी जाऊन त्याच्या जाळीत वाकून बघत होते. इतकी वर्षे स्वतःच्या हाताने ओतले, एवढेच म्हणाले.

ताजीबाईने सरांच्या केबिनमधून आपल्या मोठ्या प्राध्यापकांना फोन लावला. दार उघडेच होते. लेख राहू द्या, चूक आपली आहे, असे तिने सरळ सांगितले. पलीकडून बरेच बोलणे झाले असावे. शेवटी ती म्हणाली, "नाही सर, मी उद्या येत नाही. इथे पाणी शिल्लक आहे."

घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारले, राहिली का नोकरी? मी म्हटले, राहिली, आणि त्यांना समजेल असे सांगायला गेले. सकाळी बाहेरून पाहुणा आला आणि न्हाणीघराचे दार उघडेना, तर तो म्हणेल की या घरात न्हाणीघरच नाही. न्हाणीघर आहे, आत तुमचा मुलगा आहे.

"आणि तुझ्या उंदराच्या आत कोण होतं?"

"ते अजून नाही कळलं."

"मग अर्धंच काम झालंय. जेव आणि उद्या लवकर जा."

उरलेले अर्धे काम म्हणजे माझे सगळे आयुष्य. खुर्चीवर बसणारा तो पदार्थ आम्ही शोधला, मी आणि ताजीबाईने मिळून, दोन प्रयोगशाळांतून, भांडत भांडत. अमिनो आम्लांची एक तोकडी साखळी निघाली ती. पुढे ते रिसेप्टर प्रथिनही आवरणातून सुटे करता आले, आणि त्याच कामावर असताना मी निवृत्त झाले.

सर लवकर गेले, पण साखळीचा लेख त्यांनी वाचला होता. मोठ्या प्राध्यापकांनी आपल्या पाठ्यपुस्तकातले प्रकरण नव्याने लिहिले आणि त्यात धुण्याची रीत सविस्तर दिली. त्यांच्या खुर्चीवर नंतर ताजीबाई बसली. आता तिला कमी ऐकू येते, तरी फोन करते आणि एकटीच बोलते. लाँड्रीच्या जागी संगणकाची खोली झाली आहे, बेसिन काढून टाकले. सासूबाई शेवटपर्यंत शेजारणींना सांगत की सून आत कोण आहे ते शोधते.

नवरा अजूनही सकाळी न्हाणीघरात शिरला की बाहेर यायचे नाव घेत नाही. मी दार वाजवत नाही. बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसते.