बेटाचं फूल आणि ओढ्यापलीकडची जागा

मित्रांनो, आधी सभागृहासमोरचा तो फलक वाचा. 'आपल्या प्रिन्स एडवर्ड बेटाचं फूल' असं त्यावर ठळक लिहिलंय आणि शेजारी टपोरं गुलाबी चित्र काढलंय. वाचलंत? आता खाली बघा. दोन पिवळी, लोळलेली पानं दिसतात ना? ती मी. चित्राला दरवर्षी नवा रंग मिळतो.

माझं फूल फुगीर सपातेसारखं, घरात घालायच्या मऊ चपलेसारखं दिसतं, म्हणून लोक मला बाईसाहेबांची सपात म्हणतात. बेटाचं फूल होण्याचा पहिला मान खरं तर आमच्याच कुळातल्या दिमाखदार थोरल्या बहिणीचा. पण ती शोधूनही फारशी सापडेना, तेव्हा तो मान आमच्या गळ्यात पडला. असा उरलासुरला मान, तरी मी त्यावर हुरळून गेले. मेलं माझं शहाणपण!

मी जन्मले ओढ्याअलीकडच्या पाइनच्या रानात. माझं बी धुळीच्या कणाएवढं, त्यात शिदोरी म्हणून काही नव्हतं. मातीतल्या बुरशीने मला भरवलं. पहिलं फूल यायला बारा वर्षं लागली. ते पाहिलं रॉडी मॅकफीने. तो एफीला हाताला धरून घेऊन आला आणि माझ्याशेजारी गुडघे टेकून त्याने तिला लग्नाचं विचारलं.

"फूल तोडून दे की, मग सांगते," एफी म्हणाली.

"वा गं! तोडलं तर पुढच्या जूनमध्ये तुला इथे कशाच्या निमित्ताने आणू?"

ती खळखळून हसली आणि हो म्हणाली. पुढे चाळीस वर्षं दर जूनला ती दोघं आली. रॉडी गेल्यावर ती एकटी काठी टेकत यायची, माझ्याशी दोन शब्द बोलायची, डोळे पुसायची. तिचं वर्ष त्या भेटीवर चालायचं. आमच्या बेटावर रानफुलाची जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. तिनेही सांगितली नव्हती.

पण गावच्या सभागृहाला शंभर वर्षं होणार होती. त्या तयारीच्या चहापानाला बायका आपापल्या बागांच्या बढाया मारत बसल्या. एफीला राहवलं नाही.

"तुमच्या कुंड्या ठेवा तुमच्यापाशी! माझ्या रॉडीची सपात अजून फुलते. ओढ्याअलीकडे, पडक्या कुंपणाला लागून."

झालं! तिचा भाचा वेंडेल शेजारीच बिस्किटं खात होता. समारंभाचा प्रमुख तोच. दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन आला. वाईट माणूस नव्हे हो तो, आत्याला खूश करायचं होतं त्याला. खणताना गाणंसुद्धा गुणगुणत होता. माझी मुळं तटातट तुटली आणि मला वाढवणारी माती मागेच राहिली.

"बघ आत्या, आता रानात तंगडतोड नको. तुझी सपात आता सभागृहाच्या दारात!"

एफी पांढरीफटक पडली. "कुणी सांगितलं होतं तुला, मेल्या?"

"तूच की!"

ती माझ्याजवळच्या पायरीवर बसली.

त्या जूनमध्ये मी फुलले. अंगात पूर्वीचं साठलेलं होतं तेवढ्यावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्याबरोबर फोटो काढले. दुसऱ्या वर्षी फूल आलं नाही, तेव्हा वेंडेलने बटाट्याच्या शेतात घालायचं खत आणून घातलं. "अख्ख्या देशाला बटाटे खाऊ घालतो आपण, एक फूल जगवता येणार नाही?" खताने माझी उरलीसुरली मुळं जळाली. त्याने मग आणखी घातलं.

हा तिसरा जून. परवा वेंडेल एफीला गाडीतून घेऊन आला. तिचे गुडघे आता पार गेलेत, त्याच्या गाडीशिवाय ती कुठेच जाऊ शकत नाही. तो माझ्यासमोर डोकं खाजवत उभा राहिला.

"ही काही राहत नाही बघ. रानात अजून असतील ना गं? नुसती जागा सांग. तुलाही घेऊन जातो, डोळे भरून बघ."

ओढ्यापलीकडे माझी लेक आहे, मित्रांनो. माझ्याच बियातून उगवलेली. ती यंदा पहिल्यांदा फुलायची आहे. रॉडी आणि एफीने तिचं पहिलं पान एकत्र पाहिलं होतं. आता ते फूल पाहायला एफीला एवढी एकच वाट उरली होती, वेंडेलची गाडी.

एफीने एकदा माझ्या पानांकडे पाहिलं.

"नाही रे," ती म्हणाली. "तेवढी एकच होती. चल, घरी सोड मला."

जाताना तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. माझी पानं पुढचा जून बघणार नाहीत, आणि तीही आता रानात जाणार नाही.

आम्हाला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. जपणाऱ्यांनीच माझी ही गत केली. मित्रांनो, रानात कधी माझी लेक दिसली, तर गुडघे टेकून बघा, पोटभर बघा. मग घरी जा आणि कुणी विचारलं, तर एफीसारखं बिनदिक्कत खोटं बोला.