कौलावर ठेवलेलं भजन

आयक बे बिरजू, मधात बोलू नोको, फक्त आयक. ऊन उतरलं का पाहुन्याईची बैलाची दमनी निघते, मंग बोलून फायदा नाई.

आमच्या सुगंधाबाईले, माह्या मोठ्या बहिनीले, पाहाले गोंडपिपरीचे आले ना, त्याईच्यात पोराचा मामा हाये, गुनवंतराव. लाकडाच्या ठेकेदाराचा मुन्शी. नागपुराहून त्यानं चाबीचा बाजा आनला, भोंग्याचा, अन् पेटीभर तवे, गान्याच्या तबकड्या. तो पोरीले काई पुसतच नाई. डोळे मिटून पेटीतून तवा काढाले लावते. जे गानं निघालं, तो तिचा सभाव! काल पाटलाच्या ओसरीवर त्यानं साऱ्याईचे सभाव काढले. पाटलाले हासन्याचा तवा लागला, तं म्हने दिलदार. लटारूभाऊले लावनी लागली, तं त्याची बायको कुडाआडून बोंबलली, "मले मालूमच होतं!" हासू नोको बे, तुह्या नावानं तं नुसती खरखर निघन.

मी पुसलं, "मामाजी, पोरीले कोनता चांगला?"

"भजनाचा. घर धरून राह्यते."

"अन् रडन्याचा लागला तं?"

"तं आपन चहा नाई घेत. उठतो."

बाईचं पयलं जमलं होतं अन् तो पोरगा तापानं गेला, तुले तं मालूम हाये. तेव्हापासून लोकं तिच्या हातचं हळदीकुंकू घेत नाईत. हे बी मोडलं तं पुन्हा कोन येईन?

आज सकाळी पेटी आमच्या घरी मीच आनली. भजनाच्या तव्याले हिरवा कागद, मी काल पाह्यून ठेवलं होतं. पन गुनवंतराव तवे पत्त्यावानी पिसते. मंग मी भजन काढून गोठ्याच्या कौलावर लपवलं. म्हटलं, त्याचं पिसून झालं का हळूच सगळ्यात पुढं सरकवतो.

अन् तसंच केलं बे! बाईले कानात म्हटलं, "पुढचाच घेजो." तवा हाताले गरम लागला, पन तेव्हा कोन पाह्यते?

बाईनं काढला. मामानं चाबी भरली, सुई ठेवली. अन् भजन रडाले लागलं. खरंच रडाले! सुई वरखाली, आवाज असा निघे जसं मयताच्या घरी बाया. आपन पळसाची लाख खरडून आनतो, उन्हात राह्यली तं तिचा लोळा होते का नाई? तवा बी लाखेचाच. मले बैलाले नाई सुचलं!

मामानं तवा डोळ्यापुढं धरला. "एकाच पेटीतले तवे, एकाच दमनीतून आले. मंग हाच काऊन वाकला? कोनी पेटी उघडली होती का?"

बापूजी उठले. त्याईले काईच ठावं नाई बे. तुळशीवर हात ठेवून म्हनाले, "माह्या घरच्या कोनी पेटी उघडली नाई."

"मंग पोरीचाच हात," मामा म्हने, "जिच्या हातात भजन बी रडते." चहा तसाच राह्यला. आता पाहुने पाटलाच्या आंब्याखाली पडले हायेत, ऊन उतरन्याची वाट पाहून राह्यले.

बाई चुलीपाशी बसली हाये. दोन्ही हात पुढं धरून पाहून राह्यली. मले पुसते, "माह्या हाताले काय लागलं हाये रे?" मी सांगतलं तिले, कौलाचं, सगळं. तं बाई मानतच नाई! म्हनते, "मले बरं वाटावं म्हनून सांगतोस तू."

मामापाशी जाऊन कबूल करतो तं बापूजीची तुळशीवरची आन खोटी पडते. साऱ्या गावात त्याईले खोटं म्हनतीन, अन् कोनता तवा काढाचा ते शिकवलेली पोरगी कोन नेते? नाई करत तं बाई जलमभर आपल्याच हाताले भेवन.

थे पाय, पाटलाच्या गड्यानं बैल सोडून आनले. जू उचलून राह्यला.

सांग ना बे लवकर, तू असता तं काय केलं असतं?